जाळं सांधणाऱ्या जावा

माझं काम लोकांना शांत करण्याचं आहे. आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवते, आणि त्या गेमचे चाहते जिथे जमून भांडतात ती चर्चेची पानं मी सांभाळतो. कुणी शिवी दिली की पुसायची, कुणी फारच तापला की त्याला दोन दिवस बाहेर बसवायचं, आणि उरलेल्या वेळात 'आम्ही तुमचं म्हणणं मनापासून ऐकतो आहोत' हे एकच वाक्य उलटंसुलटं करून लिहीत राहायचं. इतकी वर्षं लिहिलंय की आता घरी कुणी 'ऐकतोयस ना?' म्हटलं तरी तोंडात तेच येतं.

त्या महिन्यात भांडण पेटलं होतं ते बंदरावरून.

'सातवं बंदर' हा आमचा गेम. पहिला भाग चालला, दुसरा तुफान चालला, तिसरा बनत होता. एका जहाजाची गोष्ट आहे. लढाया आहेत, वादळं आहेत, फितुरी आहे. पण दोन लढायांच्या मध्ये जहाज बंदराला लागतं, आणि मग तुम्ही खाली उतरून वाटेल तिथे भटकू शकता. गल्ल्या, गोदामं, दिवे लावत फिरणारा म्हातारा, पिऊन तीच कथा सांगणारा सुकाणूवाला. कुणाशी बोला, बोलू नका, कुणी हटकत नाही. तिसऱ्या भागात हे सगळं आवळून एका खोलीएवढं करणार, अशी कुणकुण लागली आणि चाहत्यांत उभी फूट पडली.

एका बाजूला भटके. त्यांचा म्होरक्या स्वतःला 'जुना खलाशी' म्हणवायचा. "पहिल्या भागात प्रत्येक दार उघडायचं," त्यानं लिहिलं, "आता म्हणे तीन दारं, आणि त्यातली दोन भिंतीवर रंगवलेली. पुढच्या खेपेला नुसता दाराचा फोटो पाठवा, आम्ही घरी बसून ठोठावू." दुसऱ्या बाजूला घाईवाले. त्यांची वकिली 'धार लावून' नावाचा एक गडी करायचा. "मी दिवसभर राबून घरी येतो. मला कसाबसा तासभर मिळतो. त्या तासात मी म्हाताऱ्याची गुडघेदुखी ऐकत बसू? गोष्ट पुढे न्या." भटके म्हणाले, अरे, गुडघेदुखी हीच गोष्ट आहे. घाईवाले म्हणाले, मग खिडकीत बसा, तिथे फुकट ऐकू येते. मधूनच एखादा शहाणा यायचा आणि दोघांचंही बरोबर आहे म्हणायचा, की दोन्ही बाजू मिळून त्याला धुवून काढायच्या.

खरं सांगायचं तर मला दोघांचाही वीट आला होता. त्यातल्या त्यात 'धार लावून'बद्दल थोडी माया वाटायची, कारण तोही दमलेला होता.

घरी मी आणि आत्या, दोघंच. आईवडिलांमागे तिनंच मला वाढवलं. आता कोण कुणाला सांभाळतं यावर आमचे मतभेद आहेत. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, ट्रंक कॉल जोडून द्यायची. जोडल्यावर कानावरचा हेडफोन काढायचा असा नियम होता. "नियम होता," ती म्हणते आणि पुढे काही बोलत नाही. किती जणांची लग्नं मोडलेली, किती जणांची पोरं रुसलेली तिला ठाऊक असतील, पण बाहेर एक शब्द गेला नाही. निवृत्त झाली, तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, आता काय करणार? ती म्हणाली, कानाला चैन पडत नाही गं, बघू.

मग साखरेनं डोळे धरले. मधोमध धूसर, कडेचं तेवढं दिसतं. वाचन गेलं, टीव्ही गेला. कंपनीनं दिलेला दुसरा भाग मी घरी आणला होता आणि एका सुटीला खेळत बसलो होतो. जहाज बंदराला लागलं. मी चहा ठेवायला उठलो, आणि परत येतो तर आत्या खुर्ची ओढून पडद्यासमोर. "गप," ती मला म्हणाली, "बोलतायत."

धक्क्याच्या कडेला दोन बायका जाळं सांधत बसलेल्या असतात. थोरली आणि धाकटी, सख्ख्या जावा. खेळणाऱ्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. त्यांच्यासमोर बटण दाबलं तर थोरली म्हणते, "सावली सोड." पण नुसतं शेजारी उभं राहिलं, की त्या आपापसात बोलत राहतात. सुताचा भाव, सासूचं बोलणं, कुणाच्या सुनेनं काय केलं. थोरलीचा मुलगा जहाजावर गेलाय आणि त्याचा पत्ता नाही. हे ती कधी सरळ सांगत नाही. धाकटी काहीतरी बोलून जाते, थोरली तिला फाडून खाते, आणि आपल्याला हळूहळू उमगतं. हे सगळं आमच्या लेखिकेनं लिहिलेलं. तासन्‌तास पुरेल इतकं लिहिलं होतं तिनं, आणि ते कुणी ऐकत नाही म्हणून तिची ऑफिसात टिंगल व्हायची.

आत्यानं ते सगळं ऐकलं. दुपारभर. रोज. लढाया तिला जमायच्या नाहीत. "मारामाऱ्या तू उरकून ठेव," ती सांगायची, आणि मी सुटीच्या दिवशी चार-दोन शत्रू कापून जहाज पुढच्या बंदराला लावून द्यायचो. दुसरा भाग संपला तरी मुलगा काही आला नाही. शेवटच्या बंदरात धाकटी एवढंच म्हणते, "उत्तरेकडची गलबतं आता उन्हाळ्यातच येतील." बस. आत्या मग पुन्हा पहिल्या बंदरापासून ऐकायला लागली.

"तिसऱ्या भागात येईल ना रे तो?" आत्यानं विचारलं.

"लेखिकेला विचारतो. माझ्या शेजारीच बसते."

"खबरदार!" ती एकदम तडकली. "विचारायचं नाही. विचारलं की माणूस उत्तर देतो. खरं काय ते माणसं आपापसात बोलतात तेव्हाच कळतं. मला कुणी सांगायला नको. कानावर पडू दे."

"आणि नाही पडलं तर?"

"का नाही पडणार? त्या दोघी असतीलच की तिथे."

मी 'हो' म्हणालो. तेव्हा बंदर आवळण्याची कुणकुण माझ्या कानावर आली होती, पण तिला सांगायचा धीर झाला नाही.

मग बैठक झाली. तिसऱ्या भागाचा सगळा कारभार ज्याच्या हातात त्याला आम्ही कप्तान म्हणतो. माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाही, कुणाचा अपमान करत नाही, फक्त त्याला वेळ नसतो. त्यानं आकडेवाल्याला उभं केलं. खेळाडू कुठे जातात, किती थांबतात, कुठे कंटाळतात, सगळं गेम मोजून कंपनीला कळवत असतो, आणि ते वाचून सांगणं हे आकडेवाल्याचं काम.

"हे बंदर," त्यानं भिंतीवरचं चित्र दाखवलं. "लोक उतरतात, थोडं फिरतात आणि खेळ तसाच चालू ठेवून उठून जातात. सगळ्यात जास्त लोक या धक्क्याशी उठतात. म्हणजे तिथे येईपर्यंत पार कंटाळतात."

लेखिका माझ्या शेजारी बसली होती. तिनं पेन खाली ठेवलं. "उठून जातात?" ती म्हणाली. "खात्रीनं?"

"आकडे खोटं बोलत नाहीत."

"बरं," ती म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं, पण तिच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. आमच्यापैकी कुणातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पानं झाडत बसलो होतो. 'जुना खलाशी' आणि 'धार लावून' एकमेकांच्या अकलेवर घसरले होते. पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या ओळखीचे कोण कोण खेळतायत त्यांची नावं दिसतात. त्यात आत्याचं नाव होतं, आणि नावापुढे लिहिलं होतं: जागेवर नाही. मी लक्ष दिलं नाही. अर्ध्या तासानं पाहिलं, तरी तेच. मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली होती. मी घरी फोन लावला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. मी बूट घालायला लागलो, तेवढ्यात तिनं उचलला.

"काय आहे?" आवाजात आग.

"आत्या! कुठे होतीस?"

"कुठे असणार? इथेच आहे, खुर्चीत. ऐकतेय ना! धाकटीचा नवरा पुन्हा सूत उधार घेऊन आलाय, आता कुठे रंगात आलं होतं. तुझं काय?"

"काही नाही. ऐक तू."

फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो, एक बूट घातलेला, एक हातात. मग त्याच अवतारात आकडेवाल्याच्या टेबलाशी गेलो.

"माणूस उठून गेला हे तुझ्या गेमला कसं कळतं?"

तो हसला. "सोपं आहे. तीन मिनिटं एकही बटण दाबलं नाही, की गेला असं धरायचं."

"आणि तो तिथेच उभा राहून ऐकत असेल तर?"

"काय ऐकत?"

मी त्याला धक्क्यावर नेलं, म्हणजे त्याच्याच पडद्यावर. जावांच्या शेजारी उभं केलं आणि हात बाजूला ठेवायला सांगितलं. त्या सासूच्या दातदुखीवर बोलत होत्या. आकडेवाला आधी घड्याळ बघत होता, मग बघेनासा झाला. तीन मिनिटं कधी गेली ते त्याला कळलं नाही. कोपऱ्यात त्याच्या नावापुढे आलं: जागेवर नाही. तो पाहतच राहिला. चांगला मुलगा आहे, तोंड लपवलं नाही त्यानं. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं पुन्हा मोजलं. जे उठून गेलेत असं आपण धरलं होतं त्यातले बहुतेक जण जावा गप्प झाल्या की बरोब्बर तेव्हाच बटण दाबून पुढे निघत होते. अख्ख्या गेममध्ये लोक सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबत असतील, तर त्या धक्क्यावर.

मला त्या दिवशी कितीतरी वर्षांनी बरं वाटलं. लेखिकेला सांगितलं, तर ती उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

कप्तानानं आमचं सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये बोलला नाही, उडवून लावलं नाही. "चूक आपली आहे," तो म्हणाला. "मान्य. लोक तिथे थांबतात. पण थांबून करतात काय?"

"ऐकतात," मी म्हणालो.

"म्हणजे काहीच करत नाहीत." तो डोळे चोळत होता. तोही रोज उशिरापर्यंत थांबायचा. "हे बघ, मला कळतं. पण बंदर नव्यानं उभारायचं तर माणसं लागतात, महिने लागतात. माझ्याकडे दोन्ही नाही. वरच्यांना मी काय सांगू? लोक उभे राहावेत म्हणून तारीख पुढे ढकला? एक खोली ठेवतो. त्या दोघींनाही ठेवतो त्यात. झालं?"

मी त्यावेळी टेबलावर हात आपटायला हवा होता. नाही आपटला. 'झालं?' विचारणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणायची सवयच गेली होती. जागेवर परत आलो आणि चाहत्यांसाठी लिहिलं की तिसरा भाग अधिक नेटका आणि वेगवान असेल, आणि तुमच्या लाडक्या व्यक्तिरेखा त्यात असतीलच. खाली 'जुना खलाशी'नं लिहिलं, "ऐकतो आहोत म्हणणारेच बहिरे निघाले." ती शिवी नव्हती, म्हणून मला ती ओळ पुसता आली नाही. खरं म्हणजे पुसावीशी वाटलीच नाही.

लेखिकेचा करार संपला आणि तो कुणी पुढे वाढवला नाही. जाताना तिनं टेबलावरचं रोपटं मला दिलं. ते मी आठवड्यात मारलं.

तिसरा भाग आला. मी लढाई उरकली, जहाज लावून दिलं. आत्यानं त्या दिवशी केस नीट विंचरले होते, कुणाकडे जायचं असल्यासारखे. "हं, दे इकडे," म्हणाली आणि कानावर हेडफोन चढवला. तिचे डोळे आता आणखी उतरले होते. पडद्यावर उजेड आहे की अंधार एवढंच कळत होतं. जहाजातून उतरल्याबरोबर ती खोली लागते. चालायला जागाच नाही, त्यामुळे चुकायचाही प्रश्न नव्हता. समोर दोघी जावा, मांडीवर जाळं. हात हलतायत. पण बोलायला त्यांना बटण लागतं. दाबलं, की थोरली खेळणाऱ्याकडे तोंड करून म्हणते, "माझा मुलगा परत आला. आता चिंता मिटली." लेखिकेनं लिहिलेलं सगळं गाळून, कप्तानानं घाईत घातलेलं ते एक वाक्य.

आत्या उभी राहिली. म्हणजे जहाजावरचा तिचा माणूस उभा राहिला, आणि ती खुर्चीत मान किंचित कलती करून बसली, एक्स्चेंजमध्ये बसत असेल तशी. मी दारात उभा होतो. तिच्या कानात नुसता लाटांचा आवाज, सुईचा आवाज असणार. ती वाट बघत होती. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं तिनं हेडफोन काढला.

"गप्प झाल्या रे," ती म्हणाली. "मी आले आणि गप्प झाल्या."

"तसं नाही आत्या..."

"तसंच. मला काय नवीन आहे? लाइनवर तिसरं माणूस आहे असा संशय आला, की लोक असेच गप्प व्हायचे." ती हसली, पण तोंड उतरलं होतं. "काहीतरी वाईट झालंय. पोराचं. माझ्यासमोर बोलायचं नसेल त्यांना."

बटणाचं सांगणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हात पुढे करून मीच दाबायचं, एवढंच. थोरली तिच्या तोंडावर फेकून सांगेल, मुलगा परत आला, चिंता मिटली. आणि आत्याला ते मुळीच खरं वाटणार नाही. माझी खात्री होती. मलाच ते खरं वाटत नव्हतं.

मी गेमचं यंत्र बंद केलं, बाहेर गेलो आणि लेखिकेला फोन लावला.

"तुझ्याकडे ते आहे का लिहिलेलं? धक्क्याचं, तिसऱ्या भागातलं?"

"कागद कंपनीचे. माझ्याकडे काय असणार?" मग म्हणाली, "तोंडपाठ आहे. का?"

मी सांगितलं. "सुटीला येते," ती म्हणाली.

सुटीच्या दिवशी दुपारी ती आली. आत्या बाहेरच्या खोलीत खुर्चीत होती. टीव्ही बंद, हात मांडीवर. ती घटना होऊन चार दिवस झाले होते आणि तिनं यंत्राला हात लावला नव्हता. "ऑफिसातली आहे," मी म्हणालो. "आम्हाला जरा कामाचं बोलायचंय."

"बोला की. मी काय मध्ये येतेय?" आत्या म्हणाली.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. दार मी उघडंच ठेवलं, अगदी सताड नाही, नेहमी असतं तेवढं. लेखिकेनं माझ्या कानाशी येऊन मला माझी वाक्यं सांगितली. मी धाकटी, ती थोरली. मी म्हणालो, मला नाही जमायचं, माझा आवाज बघ. ती म्हणाली, "तुझ्या आत्याला आवाजाशी काय करायचंय? अडखळू नकोस म्हणजे झालं." हातात काहीतरी हवं म्हणून तिनं ओट्यावरचं फडकं घेतलं आणि त्याची कड उसवायला लागली. नवं फडकं होतं.

"आज मोठं भांडं चढवलंस," मी सुरुवात केली. मला माझीच लाज वाटत होती.

"लहान गळतंय."

"काल तर नव्हतं गळत."

"काल नव्हतं, आज गळतंय. माझ्या भांड्यांवर तुला पहारा द्यायला कुणी ठेवलंय?" लेखिका बोलत होती आणि ती लेखिका वाटतच नव्हती. "तुझ्या जाळ्याचा गाळा बघ आधी. यातून मासा काय, बैल जाईल."

"आणि मागे दोरीवर तो सदरा कसला?"

"वाळतोय."

"वाळतोय ते मलाही दिसतंय. कुणाचा ते विचारतेय."

ती थांबली. खरोखरच थांबली. फडक्याचा एक धागा ओढत राहिली. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ओट्याकडे बघत बसलो. बाहेरून काहीच आवाज येत नव्हता. मला वाटलं, आत्याला झोप लागली असेल, किंवा तिला आमचं नाटक कळलं असेल आणि ती आमची कीव करत बसली असेल. मग ठरल्याप्रमाणे मी पुन्हा म्हणालो, "कुणाचा गं?"

"जुना आहे," थोरली म्हणाली. "आता बसत नाही त्याला. खांदे केवढे झालेत."

माझं पुढचं वाक्य मी विसरलो. धाकटीनं इथे जोरात काहीतरी विचारायचं असतं, एवढंच आठवत होतं, म्हणून मी नुसतंच म्हणालो, "अगं, म्हणजे..."

"हळू," ती म्हणाली. "झोपलाय."

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा, दाराच्या बाजूला. लेखिकेनं माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि पुढचं त्याहून हळू आवाजात बोलायला लागली.